भांड्याखालचं नाव

वेल्डा सिग्मनच्या हातात कुणाच्या घरचं भांडं आलं, की झाकण उघडायच्या आधी ती ते वर उचलून त्याचं बूड बघायची. आत काय असणार? भाजलेलं चिकन, नाहीतर बटाट्याचं सॅलड. ते काय पळून जातंय! बुडाला चिकटपट्टी आहे का आणि तिच्यावर नाव कुणाचं, ते आधी.

अमेरिकेतल्या या लॉरेल फोर्ड गावात कुणी वारलं की त्या घरची चूल बंद, आणि सगळं गाव रांधून आणून घालतं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी, पट्टीवर नाव. दफन उरकलं की चर्चच्या बायका भांडी घासतात आणि ज्याची त्याच्या घरी पोचवतात. पण रिकामी नाही हं! चार टोमॅटो घाला, बिस्किटं घाला, अगदीच काही नसलं तर परसातल्या मूठभर शेंगा घाला, पण काहीतरी घालायचंच. रिकामं भांडं परत देणं म्हणजे तुमचा-आमचा संबंध संपला, असं तोंडावर सांगणं. गावात असं एकदाच झालं होतं, दोन सख्ख्या बहिणींमध्ये, आणि त्यांची नातवंडंसुद्धा अजून चर्चमध्ये दोन टोकांना बसतात.

या सगळ्या कारभाराची मुखत्यार वेल्डा. अख्खी हयात सेट्झरांच्या मोज्यांच्या गिरणीत गेलेली. मोजा उलटा करून त्याचं पुढचं टोक शिवायचं, हे तिचं काम. तेव्हापासून कुठलीही गोष्ट उलटी करून बघितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. नवा पाद्री आला तर आधीच्या गावातून का निघाला? दुकानदाराने सफरचंदं स्वस्त केली, तर ती कुठं सडलीत? तिचा मुलगा रँडल म्हणायचा, "ममा, तू हवामानाच्या बातम्या सांगणाऱ्यावरसुद्धा संशय घेतेस."

"मग? खोटं बोलतो तो," वेल्डा म्हणायची.

त्या उन्हाळ्यात मात्र संशय घ्यायला कारण होतं. वॉशिंग्टनमध्ये मध्य अमेरिकेतल्या देशांशी व्यापाराचा करार मताला येणार होता. तो झाला की होंडुरासमधला मोजा इकडे जकात न भरता येणार, आणि तिथली मजुरी इतकी कमी की इथला मोजा बघायलासुद्धा कुणी थांबणार नाही. रँडल गिरणीत मशीन दुरुस्त करायचा. दोन मुली, नुकतंच बांधलेलं घर, आणि मशीनशिवाय दुसरं काही येत नाही. गिरणी गेली म्हणजे रँडल गेला, एवढाच वेल्डाचा हिशेब होता.

पण खासदार आपला होता ना! वेंडेल बोलिक. वेल्डाच्या जिवाभावाच्या मैत्रिणीचा, आयव्हाचा मुलगा. संडे स्कूलमध्ये याचे कान वेल्डाने पिळलेले. वसंतात तो गिरणीत आला, सुताच्या खोक्यावर चढला आणि शेजारी उभ्या असलेल्या रँडलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माझं मत 'नाही'. आईच्या देखत सांगतो." समोर खुर्चीवर आयव्हा बसली होती. तिने मान डोलावली. गिरणीचे मालक गेदर सेट्झर यांनी सगळ्यांना लाल टोप्या वाटल्या, त्यांच्यावर 'आमची गिरणी, आमचे मोजे'. म्हाताऱ्याने स्वतःसुद्धा एक घातली. लोकांनी टाळ्या पिटून छप्पर डोक्यावर घेतलं.

शिवाय सेट्झरनी रँडलला वेगळं काम दिलं होतं. सगळी मशीन उघडायची, धुवायची, तेल-ग्रीस करायचं आणि एकेकाची लांबी-रुंदी-उंची मोजून द्यायची. रँडल खुशीत होता. "बंदच करायची असती तर मालकाने मशीनवर खर्च केला असता का?"

"लांबी-रुंदी कशाला रे?" वेल्डाने विचारलं.

"नवी मांडणी करणार असतील."

"हां," वेल्डा म्हणाली, आणि गप्प बसली. एरवी सफरचंदावर शंका घेणारी ही बाई! पण सेट्झरांच्या तीन पिढ्यांचा पगार तिच्या घराने खाल्ला होता. तिथं तिच्या संशयाने नेमकी डुलकी काढली.

मग फोन सुरू झाले. एका दुपारी एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "मॅडम, या करारामुळे आपल्या भागात रोजगार वाढणार आहेत. खासदार बोलिक यांना 'होय' म्हणायला सांगाल का? मी लगेच त्यांच्या कार्यालयात फोन जोडून देते."

"तू कुठून बोलतेस, बाळ?"

"इथूनच, लॉरेल फोर्डच्या जवळून."

"अगंबाई, शेजारीणच म्हणायची! मग सांग बघू, आत्ता इथं ऊन आहे का पाऊस?"

फोन कट. वेल्डा दिवसभर हसत होती. रेडिओवर जाहिराती लागल्या, त्यांत डुकरं पाळणारे, औषधं बनवणारे, कापड आणणारे, सगळे एका सुरात करार हवा म्हणत होते. हॉटेलात कडक इस्त्रीच्या पँटी घातलेले दोन परके पुरुष बसायचे, न्हाव्याला विचारायचे, खासदारसाहेब आईला भेटायला कधी येतात. विचारायची रीत फार साळसूद. न्हाव्याने हे वेल्डाला सांगितलं, आणि वेल्डाने सगळ्या गावाला.

आणि कोरिन ॲशबी. ही बाई ओहायोकडून आली होती, भाड्याचं घर घेतलं, पहिल्याच रविवारी चर्चमध्ये, दुसऱ्या रविवारी गाणाऱ्यांत. पन्नाशीची, एकटी, नीटनेटकी. प्रश्न फार विचारायची. हे घर कुणाचं, तो कुणाचा कोण, खासदार लहानपणी कसे होते?

"कुठंतरी पाणी मुरतंय," वेल्डा रँडलला म्हणाली. "नातेवाईक नाही, नोकरी नाही. कुणी यावं लॉरेल फोर्डला? त्या करारवाल्या लोकांनी पाठवलेली आहे ही. बायाबापड्यांत शिरायचं आणि वेंडेलपर्यंत पोचायचं."

"ममा, ती नुसती गाते गं."

"गातेच ना! त्याशिवाय आपण जवळ कसं करणार?"

मत पडायच्या आदल्या आठवड्यात आयव्हा गेली. झोपेतच. जायच्या चार दिवस आधी तिने वेल्डाकडे पिवळ्या वाडग्यात मुरवलेले पीच पाठवले होते. बुडाला पट्टी, पट्टीवर थरथरत्या अक्षरात 'आयव्हा बी.' वाडगा घासून ओट्यावर पालथा घातलेला. काय भरून पाठवावं याचा वेल्डा विचार करत होती, आणि भरून घ्यायला आयव्हाच राहिली नाही. वेल्डा त्या वाडग्यासमोर बसून ढसाढसा रडली. मग उठली, एप्रन बांधला आणि आयव्हाचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

भांड्यांची रीघ लागली. वेल्डा एकेक उचलून बूड बघत होती. हफमन, हफमन, लेल, पाद्रीणबाई. मग एक काचेचं पसरट भांडं आलं, आत कोबीचं सॅलड. बुडाला काही नाही. कोरं!

"हे कुणाचं?"

"माझं," कोरिन म्हणाली. "सॅलड दुकानातलं आहे हं, मला काही ते नीट जमत नाही."

दुकानातलं, आणि बिनानावाचं. वेल्डाने ते भांडं मागच्या कोपऱ्यात सरकवलं. ज्याला भांडं परत नको असतं, तो माणूस फार दिवस राहणार नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. थोड्या वेळाने खिडकीतून बघते तर काय, व्हरांड्यात कोरिन वेंडेलशेजारी बसलेली, त्याच्या दंडावर हात, आणि वेंडेल रुमालाने डोळे पुसतोय. वेल्डाच्या अंगाचा तिळपापड झाला. आईची माती अजून ओली, आणि या बयेने डाव मांडला!

तेवढ्यात पुढच्या दारातून गेदर सेट्झर आले. एवढा मोठा माणूस, पण हातात मक्याच्या पुडिंगचं भांडं स्वतः धरलेलं. वेल्डाने सवयीने बूड बघितलं. पट्टी होती. 'सेट्झर'.

"मिस्टर गेदर, तुम्ही कशाला त्रास घेतलात? ड्रायव्हरकडे द्यायचं."

"आयव्हासाठी ड्रायव्हर पाठवू होय गं?" म्हातारा म्हणाला. याला म्हणतात घराणं, असं वेल्डाच्या मनात आलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "वेल्डा, पोरगा पार दमलाय. जो येतो तो त्याला धरतो. आतल्या खोलीत जरा निवांत बसू दे त्याला. मी बसतो जवळ. कुणाला सोडू नकोस."

"माशीसुद्धा जायची नाही आत," वेल्डा म्हणाली.

तिने स्वतः व्हरांड्यात जाऊन वेंडेलला उठवलं, कोरिनकडे एक जळजळीत नजर टाकली, त्याला आयव्हाच्या शिवणाच्या खोलीत नेऊन बसवलं. सेट्झर आत गेले. वेल्डाने दार ओढून घेतलं आणि दारापाशी खुर्ची टाकून बसली. कोरिन कॉफीचे दोन कप घेऊन आली.

"त्यांनी सकाळपासून काही घेतलं नाही, म्हणून..."

"ठेव इथं. आत कुणी जायचं नाही."

कोरिन कप ठेवून निघून गेली. वेल्डाला जिंकल्यासारखं वाटलं. आतून सेट्झरांचा संथ आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदाच वेंडेलचा आवाज चढला, "अहो, पण मी आईला शब्द दिलाय!" वेल्डाने मान डोलावली. बरं झालं, मिस्टर गेदर त्याला आठवण करून देतायत, ताठ उभा करतायत. कॉफी गार झाली, तरी तिने दार उघडलं नाही.

नंतरच्या गुरुवारी सकाळी वेल्डा बिस्किटांचं पीठ मळत होती. रेडिओवर सांगितलं, रात्री करार काठावर मंजूर झाला. 'होय' म्हणणाऱ्यांची नावं घेताना वेंडेल बोलिकचं नाव आलं. वेल्डाने पिठाचे हात तसेच ठेवून रेडिओ बंद केला. बटणाला पीठ लागलं. रँडलच्या मुलींची तोंडं तिच्या डोळ्यांपुढे आली आणि मग तिला एकच माणूस दिसायला लागला.

कोरिनचं भांडं घासून ठेवलेलं होतं. वेल्डाने ते उचललं. टोमॅटोच्या टोपलीकडे हात गेला होता, तो मागे घेतला. जन्मात पहिल्यांदा ती रिकामं भांडं घेऊन कुणाच्या दारात गेली.

"हे घे तुझं," तिने भांडं पुढे केलं. "काम झालं ना? आता बोचकं बांध. काय दिलं गं त्यांनी तुला?"

कोरिनने भांडं घेतलं. "थँक यू. आत या ना," म्हणाली, आणि मग वेल्डाचा चेहरा बघून थबकली. "कुणी काय दिलं?"

"सोंग नको. व्हरांड्यात बसून काय पढवत होतीस त्याला? मेलेल्या आईच्या घरात?"

कोरिन दारातच उभी राहिली. तिला रिकाम्या भांड्याचा अर्थ कळला नव्हता, बाकी मात्र हळूहळू कळत गेलं, आणि तिचे कान लाल झाले. "मिस वेल्डा," थोरल्या बाईला सगळं गाव म्हणतं तसं ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा कारखाना असाच गेला. टायरचा. त्या वेळीही एक खासदार होता, त्यानेही शब्द दिला होता. कारखाना गेला, घर गेलं, मग माणूस गेला. लहानपणी दोन वर्षं मी इथं मावशीकडे राहिले होते, तेवढंच चांगलं आठवत होतं, म्हणून आले. तुमच्या वेंडेलला मी एवढंच सांगितलं, की तुम्ही शब्द पाळा, माझ्यासारख्या बायका आणखी तयार करू नका. तो म्हणाला, पाळतो. रडत म्हणाला."

"आणि पट्टी? भांड्याखाली नाव का नव्हतं?"

"कसली पट्टी?"

वेल्डाने कोरिनच्या हातातल्या भांड्याचं कोरं बूड पुन्हा बघितलं.

"व्हरांड्यातून उठला तेव्हा तो 'नाही'च म्हणत होता," कोरिन म्हणाली. "नंतर मी कॉफी आणली, तर तुम्ही मला आत सोडलं नाहीत. आत कोण होतं?"

वेल्डा पायरीवर बसली. माशीसुद्धा जायची नाही, असं कुणाला सांगितलं होतं आपण?

उरलीसुरली बातमी रँडलने दुपारी आणली. तो जेवायच्या सुट्टीत घरी आला आणि टोपी टेबलावर फेकली. मालकाने सगळ्यांना जमवून सांगितलं होतं, आपण लढलो, पण वॉशिंग्टनपुढे आपलं काय चालणार! सांगताना आवाजसुद्धा कापला. आणि तासाभराने मागच्या फाटकातून ट्रक आले, लाकडी खोक्यांनी भरलेले.

"ममा, खोकी माझ्या मापांची आहेत," रँडल म्हणाला. "मी दिलेली लांबी, मी दिलेली रुंदी. मशीन होंडुरासला चाललीत. तिथं मालकाची शेड बांधून तयार आहे. आणि पॅकिंग कुणी करायचं? मी."

तो रडला नाही. हात धुतलेच नव्हते, त्या ग्रीसच्या हातांकडे बघत बसला. वेल्डाने त्याच्यापुढे बिस्किटं ठेवली, ती त्याने खाल्ली नाहीत. आपण त्या दाराशी राखण करत बसलो होतो, हे तिने त्याला तेव्हाच सांगून टाकलं. "तुला काय माहीत असणार," रँडल म्हणाला. "मला माझ्याच मापांचं कळलं नाही."

शनिवारी वेंडेल आला. एकटा, स्वतः गाडी चालवत. दफनाच्या वेळी वेल्डाने आणलेलं केकचं भांडं घेऊन आला होता, आणि रीत विसरला नव्हता. आयव्हाच्या झाडाचे पीच त्यात काठोकाठ भरलेले. वेल्डाने जाळीचं दार उघडलं, भांडं घेतलं, आणि त्याला व्हरांड्यातच उभं ठेवलं.

"मिस वेल्डा, माझं ऐकून तर घ्या."

"बोल."

"तुम्हाला कल्पना नाही. पक्षाची माणसं रोज डोक्यावर बसायची. व्यापाऱ्यांची माणसं म्हणायची, पुढच्या निवडणुकीला तुझ्यासमोर आपल्याच पक्षाचा दुसरा उभा करू. त्या सगळ्यांना मी पुरून उरलो, देवाशपथ! पण गेदरने मला त्या खोलीत सांगितलं, 'नाही' म्हणालास तर सोमवारी गिरणीला कुलूप लावतो आणि गावाला सांगतो, वेंडेलमुळे लावलं. नव्या उमेदवाराला पहिला चेकही माझाच. 'होय' म्हणालास तर रंगाचं आणि इस्त्रीचं खातं चालू ठेवतो, साठ माणसं राहतील. गिरणीचा मालकच तसं म्हणतोय, मग मी कुणासाठी लढायचं?" त्याने आवाज हळू केला. "मी रँडलचं नाव त्या साठांत घालून घेतलं. पहिलंच नाव. तुमच्यासाठी."

"रँडलची नोकरी आहे की," वेल्डा म्हणाली. "मशीन खोक्यांत भरायची. खोकी संपली की नोकरी संपली."

"गेदरने मला शब्द दिलाय."

"तूही दिला होतास. आईच्या देखत, माझ्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून. बाहेर सगळ्यांना जमवून विचारायचं होतंस, वेंडेल! आम्ही बाहेरच होतो की सगळे, प्लेटा घेऊन. म्हणायचं होतंस, हा माणूस मला आत काय सांगतोय बघा. मग लागू द्यायचं होतं कुलूप. निदान कुणी लावलं ते तरी आम्हाला कळलं असतं."

वेंडेल खाली बघत म्हणाला, "दार तुम्हीच लावून घेतलं होतंत."

ते खरंच होतं, आणि वेल्डाला ते जिथं लागायचं तिथं लागलं. "हो," ती म्हणाली. "त्याचं मी बघून घेईन. थांब इथं."

ती आत गेली. पीच तिने कोरिनसाठी टोपलीत ओतले. जिच्या हातात तिने उगाच रिकामं भांडं दिलं होतं, तिच्याकडे ते जाणार होते. मग आयव्हाचा पिवळा वाडगा पालथा घेतला. पट्टीचा कोपरा नखाने उचलला आणि सावकाश, न फाडता, 'आयव्हा बी.' सोडवून घेतलं. ती पट्टी तिने आपल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवली आणि अंगठ्याने दाबली.

बाहेर येऊन तिने वाडगा वेंडेलच्या हातात दिला. "तुझ्या आईचा."

त्याने आधी आत बघितलं. रिकामा. मग, गावातलं कुणीही बघेल तसं, उलटा करून बूड बघितलं. तिथं फक्त पट्टीच्या जागचा फिका चौकोन होता. वॉशिंग्टनच्या माणसांपुढे कधी पडला नसेल एवढा त्याचा चेहरा पडला.

"मिस वेल्डा..."

"सांभाळून ने. एका बाजूने टवका उडालाय."

तो पायऱ्या उतरला. गाडीत बसल्यावर बराच वेळ त्याने ती सुरू केली नाही, वाडगा मांडीवरच होता. वेल्डा जाळीच्या दाराआडून बघत उभी होती. तिला त्याच्याकडे जावंसं वाटत होतं, कान पिळलेलं पोरगं ते. पण ती गेली नाही. तिने आतलं लाकडी दारही लावून घेतलं आणि खुर्ची ओढून बसली.